मल्लू बोक्यापासून चंडोलाच्या घरट्यास संरक्षण मिळणेबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
वनपरिक्षेत्र कार्यालय, भूम,
जि. धाराशिव.

अर्जदार : गुरुलिंग बसप्पा कोरे, एसटीचा सेवानिवृत्त वाहक, रा. ईट, ता. भूम.

विषय : घरामागील पडीत चंडोल पक्ष्याने केलेल्या घरट्यास अर्जदाराच्याच घरातील बोक्यापासून संरक्षण मिळणेबाबत, आणि त्या अनुषंगाने अर्जदाराच्या घरात उद्भवलेल्या परिस्थितीबाबत.

संदर्भ : १) याच विषयावर अर्जदाराने चैत्रात दिलेला अर्ज.
२) वनरक्षक श्रीमती सृष्टी ओव्हाळ यांनी घरी येऊन केलेली पाहणी.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाला. नोकरीत असताना अर्जदार दिवस उगवायच्या आत डेपोत आणि अंधार पडल्यावर कुठल्या तरी मुक्कामी गाडीत, असेच त्याचे आयुष्य गेले. घर होते, पण ते अर्जदाराची पत्नी सौ. इरम्मा हिच्यापाशी होते. अर्जदार तेथे कपडे बदलण्यापुरता उतरत असे. निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ घेऊन अर्जदार घरी आला, तेव्हा त्याने मनाशी ठरवले होते की झाले गेले गंगेला मिळाले, आता रोज सकाळी बायकोच्या समोर बसून सावकाश चहा प्यायचा. ओसरीवर आला, तर त्याच्या खुर्चीत मल्लू बसलेला होता.

मल्लू म्हणजे सदर बोका. अंगाने पिवळा, मानेने जाड, डाव्या कानाचा शेंडा भांडणात गेलेला. अर्जदार मुक्कामी ड्यूटीवर असताना हा कधीतरी पत्र्यावरून घरात उतरला आणि घरचाच झाला. अर्जदाराने विचारले तेव्हा इरम्मा म्हणाली, "घरात कुणाचा तरी आवाज पायजे होता." अर्जदाराने हार खुंटीला अडकवला आणि तो पायरीवर बसला. खुर्ची बोक्याकडेच राहिली, ती आजतागायत.

साहेबांच्या लक्षात यावे म्हणून नमूद करतो की, इरम्माचे माहेर उमरग्याकडचे, कर्नाटकाच्या शिवेला लागून. तिची आई तिच्याशी कानडीत बोलायची. लग्न होऊन ती इकडे आली आणि तिची कानडी बंद पडली, कारण या बाजूला ती बोलायची कुणाशी? आता ती सकाळी दाराशी उभी राहून "बारो मल्लू, बारो" अशी हाक मारते, मग त्याला पुढ्यात घेऊन कानडीत बराच वेळ काहीबाही सांगत राहते आणि मध्येच हसते. काय सांगते, ते कळण्यास मार्ग नाही. अर्जदारास कानडी येत नाही. बोक्यास येते.

अशा परिस्थितीत सकाळी घरात बसून करायचे काय, म्हणून अर्जदार घरामागच्या पडीत जाऊन बसू लागला. ही पड अर्जदाराचीच आहे. नांगरट नाही म्हणून गवत माजलेले, मध्ये मध्ये दगड. तेथे एक चंडोल आहे, हे प्रथम अर्जदाराच्या कानांना कळले. मातीच्या रंगाचा, डोक्यावर बारीक तुरा असलेला हा पक्षी खाली असेपर्यंत ढेकळासारखा दिसतो. मग एकदम उठतो, सरळ वर चढतो आणि ठिपक्याएवढा होईपर्यंत गात राहतो. आयुष्यभर अर्जदाराने घंटीची टणटण, इंजिनाची घरघर आणि सुट्ट्या पैशावरून होणारी भांडणे ऐकली. एवढे गाणे कुणी फुकट गाते, हे त्याला ठाऊक नव्हते. येरमाळ्याच्या यात्रेच्या सुमारास त्याला घरटेही सापडले. एका दगडाच्या सावलीला, गवताच्या बुडाशी, बैलाच्या खुराने पडलेल्या खळग्यात विणलेली वाटी आणि तिच्यात तीन ठिपकेदार अंडी. काही दिवसांनी अंड्यांची पिल्ले झाली. नुसत्या उघड्या चोची.

अर्जदारास ही गोष्ट कुणाला तरी दाखवावीशी वाटली. कुणाला तरी म्हणजे इरम्माला. अर्जदार घरात गेला आणि म्हणाला, "चल, तुला एक दाखवतो." ती म्हणाली, "आत्ता? कुठं?" अर्जदार म्हणाला, "आपल्याच पडीत. चप्पल घाल." इरम्माने हात पुसले, पदर नीट केला आणि निघाली. लग्न झाल्यापासून हे दोघे फिरायला म्हणून कधी घराबाहेर पडलेले नव्हते, हे येथे सांगणे आवश्यक आहे. ऊन उतरलेले होते. इरम्मा घरट्याशी वाकली, तिने तोंडावर हात धरला आणि हळूच म्हणाली, "अय्यो, केवढी केवढी हायती! अन् तुम्ही एकटेच बघत बसला व्हय इतके दिस?" अर्जदारास त्या वेळी जे वाटले ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. त्याने मान वळवून पाहिले, तर दोघांच्या मधोमध, इरम्माच्या साडीच्या काठाला अंग घाशीत, मल्लू उभा होता. तोही घरट्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. एक पिल्लू इरम्माच्या उंबऱ्याशी आणून ठेवलेले होते.

साहेब, अर्जदाराचे घर लिंगायताचे. घरात सर्वांच्या गळ्यात लिंग, घरात अंडेसुद्धा कधी आले नाही. त्या घराच्या उंबऱ्यावर हे. अर्जदार ओरडला. इरम्माने ते पिल्लू पळसाच्या पानात उचलले, तुळशीमागे खड्डा करून पुरले आणि डोळे पुसत म्हणाली, "त्याला काय कळतंय? त्यानं आपलं माझ्यासाठी आणलं." अर्जदाराच्या वर्मी घाव बसला तो येथे. पहिला पगार सोडला, तर त्यानंतर एवढ्या वर्षांत नोकरीवरून घरी येताना अर्जदाराने इरम्मासाठी काय आणले, असे कुणी विचारले असते तर धुळीने माखलेला खाकी ड्रेस, एवढेच उत्तर होते. बोक्याने निदान काहीतरी आणले होते.

त्याच दिवशी अर्जदाराने आपल्या कार्यालयात येऊन पहिला अर्ज दिला. त्यात फक्त चंडोलच नव्हे, तर मल्लूने तोवर मारलेले होले आणि सातभाई हे पक्षी, सरडे आणि चिंचेवरची खार यांचाही उल्लेख होता. पिंजरा मिळावा आणि बोका दूर कुठेतरी नेऊन सोडावा, अशी विनंती केलेली होती. आपण त्याची दखल घेऊन वनरक्षक ओव्हाळ मॅडमना पाठवले, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. मॅडमनी पड पाहिली, पिसे पाहिली, बोका पाहिला. त्या स्पष्ट म्हणाल्या, "अप्पा, पाळीव मांजराला आम्ही पकडून नेऊ शकत नाही. आणि नेऊन दुसरीकडं सोडलं तर तिथले पक्षी मारील. ज्याचं मांजर त्यानंच सांभाळायचं. गळ्यात घुंगरू बांधा, पोटभर खायला घाला आणि पक्ष्यांची पिल्लं असतात त्या दिवसांत घरात ठेवा."

अर्जदार सांगत होता ते सर्व इरम्माने या कानाने ऐकून त्या कानाने सोडले होते. मॅडमचे मात्र तिने लगेच मनावर घेतले. "बरोबर बोलली पोरगी. आपलं लेकरू आपण आवरायचं," असे म्हणून ती आत गेली, लोखंडी पेटी उघडली आणि एक घुंगरू घेऊन आली. लाल दोऱ्यात ओवून तिने ते मल्लूच्या गळ्यात बांधले. अर्जदाराने घुंगरू ओळखले. नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात अर्जदाराने बार्शीहून इरम्मासाठी चांदीचे पैंजण आणले होते. हे त्याच पैंजणाचे घुंगरू होते.

मॅडम गेल्यावर अर्जदार म्हणाला, "ते मी कुणासाठी आणलं होतं?"

"माझ्यासाठी."

"मग बोक्याच्या गळ्यात?"

इरम्मा शांतपणे म्हणाली, "पेटीत पडून काळं पडलं होतं. घालून चालायची कुणापुढं? तुमची गाडी कधी येती न् कधी जाती, मलाच ठाऊक नसायचं. आता वाजतंय तर वाजू द्या."

तेव्हापासून घरात दिवसभर पैंजण वाजते आणि ते बोक्याच्या गळ्यात वाजते. अर्जदारास हा आवाज सहन होत नाही. घुंगराने सातभाईंना थोडा सावधपणा आला, हे अर्जदार नाकारत नाही. परंतु मल्लू महाहुशार. तो मान न हलवता दबा धरून बसण्यास शिकला. म्हणून अर्जदार सकाळ-संध्याकाळ त्याच्या मागे मागे हिंडू लागला. बोका बांधावर, तर अर्जदार बांधावर. बोका चिंचेखाली, तर अर्जदार चिंचेखाली. गावात याची चर्चा झाली. स्टँडसमोरील चहावाला कोंडीराम, जो अर्जदाराचा बालमित्र आहे, चारचौघांत म्हणाला, "अप्पा, बायांना सवत असती हे ऐकलं होतं. तुमच्या नशिबाला मिशावाली सवत आली!" लोक हसले. अर्जदारही हसला, पण चहा अर्धा टाकून घरी आला.

यानंतर जे घडले त्यात अर्जदाराची बाजू पूर्ण स्वच्छ नाही, तरी ते घडले तसे सांगतो. वैशाखात इरम्माच्या बहिणीच्या मुलीचे लग्न उमरग्यास होते. इरम्मा आधीच पुढे गेली, अर्जदाराने लग्नाच्या दिवशी यायचे ठरले. मल्लूस सांभाळण्याची जबाबदारी अर्जदारावर आली. इरम्माचा रोज फोन येई. "मल्लूनं दूध पेलं का? निवालेलं घातलं ना? त्याला शिळी भाकर घालू नगा, त्याचं पोट बिघडतं." शिळी भाकर त्या वेळी अर्जदार स्वतः चटणीसंगे खात होता. त्याचे पोट बिघडते की कसे, हा प्रश्न कुणी विचारला नाही. दुसऱ्या दिवशीही हेच. तिसऱ्या फोनला अर्जदाराच्या तोंडून निघून गेले, "मल्लू गेला. सकाळपासून दिसंना."

मल्लू समोर पाण्याच्या टाकीवर बसून पंजा चाटत होता.

पलीकडून लग्नघरातला गलका तेवढा ऐकू येत होता. मग इरम्मा "बरं" म्हणाली आणि फोन बंद झाला. अर्जदार असे का बोलला, हे त्यास आजही नीट सांगता येत नाही. ती रडते का, हे बघायचे होते म्हणावे, तर रडली असती तर अर्जदारास अधिकच वाईट वाटले असते. परत फोन करून खरे सांगावे असे वाटले, पण जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलेले असताना इरम्मा दारात उभी राहिली. हातात पिशवी, अंगाला हळदीचा वास, केस वाऱ्याने विस्कटलेले. लग्न अजून व्हायचे होते. हळद टाकून, गाड्या बदलत ती आली होती. अर्जदाराच्या मनात आले की झाले, हाच पुरावा. बोक्यासाठी सख्ख्या भाचीची हळद सोडली. तेवढ्यात घुंगरू वाजवत मल्लू तिच्याकडे धावला. इरम्माने त्याच्याकडे पाहिले नाही. ती सरळ अर्जदारापाशी आली, तिने त्याच्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला लावला.

"ताप तर न्हाय," ती म्हणाली.

"कुणाला?"

"तुम्हाला. काल फोनवर आवाज कसा आला तुमचा! माझ्या काळजात धस्स झालं. म्हणलं, माणूस घरात एकटाच हाय, काय झालंय आन् हे मांजराचं निमित्त सांगत्यात."

अर्जदार म्हणाला, "मल्लू हाय. गेला नव्हता."

"दिसतोय की. आंधळी न्हाय मी. मांजर गेलं म्हणून कोण लगीन सोडून येतंय व्हय?"

असे म्हणून ती पायरीवर बसली आणि मग तिला राग आला. तो राग अर्जदाराने मुकाट्याने ऐकून घेतला. लहान लेकरू हायेत का तुम्ही, बहिणीपुढं माझं तोंड कुठं राहिलं, एवढ्या उन्हात जीव मुठीत धरून आले, असे बरेच होते आणि सर्व खरे होते. शेवटी तिने डोळ्यांना पदर लावला. अर्जदाराने माठातले पाणी आणून दिले. भाकर मात्र तिनेच केली आणि दोघांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने अर्जदार तिला घेऊन उमरग्यास गेला. मल्लूस कोंडीरामकडे ठेवले. अक्षता सापडल्या. साहेब, अर्जदार जन्मभर एसटीत उभा राहिला. शेजारी बायको बसलेली आहे, खिडकी तिच्याकडे आहे, तिकीट दुसराच कुणी फाडतो आहे, असा प्रवास त्याने त्या दिवशी प्रथम केला. तिचे डोके मध्येच डुलकी लागून अर्जदाराच्या खांद्यावर आले. येडशीच्या पुढे तिला जाग आली आणि ती पहिले वाक्य काय बोलली? "कोंडीरामभाऊजी त्याला दूध घालतील ना?" अर्जदार खिडकीबाहेर बघत राहिला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मृगाच्या आसपास चंडोलाने त्याच पडीत पुन्हा घरटे केले आहे. या वेळी ते अर्जदारास नव्हे, इरम्मास प्रथम दिसले. तिने स्वतः येऊन सांगितले आणि मॅडमच्या सूचनेप्रमाणे त्याच क्षणी मल्लूस घरात कोंडले. घरट्यापासून अंतर राखून अर्जदाराने बोराटीच्या काट्यांचे कुंपण केले. अंडी सुखरूप आहेत. म्हणजे चंडोलापुरता हा अर्ज येथे संपायला हवा होता.

परंतु कोंडलेला मल्लू ओरडतो. दाराला नखे मारतो. त्याने ओरडू नये म्हणून इरम्मा सकाळभर त्याच्यापाशी आत बसते, त्याचे अंग विंचरते आणि त्याच्याशी कानडीत बोलते. गावातली कुत्री आणि पोरे घरट्याकडे येऊ नयेत म्हणून अर्जदार सकाळभर पडीत एकटा राखण करतो. पूर्वी बोका दिवसातून निम्मा वेळ तरी शिकारीस बाहेर असे, तेवढी इरम्मा मोकळी सापडत असे. आता पक्षी वाचले, पण अर्जदाराच्या वाट्याला होती तेवढीही गेली. आपल्या विभागाच्या सूचना योग्यच आहेत, त्यांचा असा परिणाम होईल हे कुणाच्या ध्यानात आले नसावे. वन्यजीवांवर मांजरांचा काय परिणाम होतो, याची माहिती देणारा फलक आपल्या कार्यालयात लावलेला आहे. मांजरांचा निवृत्त माणसावर काय परिणाम होतो, याबद्दल त्यावर एक ओळ नाही.

सबब नम्र विनंती की, मागील अर्जातील पिंजऱ्याची मागणी रद्द समजावी. बोका नेऊ नये. तो गेला तर इरम्मा ज्याच्याशी कानडी बोलते असे घरात कुणी उरणार नाही, आणि अर्जदारास एवढ्यात ती भाषा येईल असे दिसत नाही. अर्जदाराने प्रयत्न सुरू केला आहे. 'बारो' म्हणजे 'ये रे', एवढे कळले आहे.

फक्त आपल्या सहीने, अथवा ओव्हाळ मॅडमच्या तोंडून, असा हुकूम व्हावा की, पिल्ले उडून जाईपर्यंत घरट्याची राखण एकट्याने करू नये, ती घरातील दोघांनी मिळून करावी आणि त्या वेळी बोका घरात एकटा ठेवावा. थोडे ओरडल्याने मांजर मरत नाही. इरम्मा मॅडमचा शब्द मोडत नाही. चंडोल सकाळी वर चढून गातो, ते तिने अद्याप नीट बसून ऐकलेले नाही. ती घरातून ऐकते, पण घरात घुंगरू वाजत असते.

एवढे झाल्यास अर्जदाराची बोक्याविरुद्ध काही तक्रार राहणार नाही. थोडी राहील, पण ती अर्जदार आपल्यापर्यंत आणणार नाही.

चंडोलाच्या आणि स्वतःच्या वतीने हात जोडून,
आपला नम्र,
(सही)
गुरुलिंग बसप्पा कोरे
मु. पो. ईट, ता. भूम, जि. धाराशिव
दिनांक : १९ जून २०२५

सोबत : १) घरट्याचा दुरून काढलेला फोटो. २) मल्लूचा फोटो, यात मागे इरम्मा दिसते, दुसरा फोटो नसल्याने पाहून परत मिळावा.

ता. क. अर्जात पत्नीचे नाव असल्याने तिला वाचून दाखवून तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत खाली घेतले आहे :

"वरचं समदं मला वाचून दाखीवलं. मल्लूबद्दल लिहिलंय ते निम्मं खोटं हाय. त्यानं खार मारली न्हाय, ती तारेला चिकटून मेली. माझ्याबद्दल लिहिलंय ते खरं हाय, पण ते साहेबाला सांगायची काय गरज होती? हुकूम काढू नका. उद्यापासनं मी सकाळी पडीत येते, चहा तिथंच घेऊन येते. एवढा कागद भरण्यापरीस मला एकदा तोंडानं म्हणायचं तर होतं, 'चल' म्हणून.
इरम्मा गुरुलिंग कोरे."